पाद्र्याचा 'अंक्चुअस' सूर: अभिवाचनात आणायचा कसा?

रंगपट
मंडळी, एका नव्या संहितेचं अभिवाचन बसतं आहे. काळ १८४५, जागा इंग्लंडमधलं एक खेडं. नवरा नुकताच वारलेल्या शेतकरीण बाईकडे गावचा पाद्री सांत्वनाला येतो आणि निघताना दशांशाच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या हिश्श्याच्या, धान्याची आठवण करून देतो, एवढाच प्रवेश. लेखिकेने रंगसूचनेत त्याच्या बोलण्याला एकच जुनं इंग्रजी विशेषण लावलंय: 'अंक्चुअस'. शब्दकोशात तेलकट, स्निग्ध, दांभिक गोड असे अर्थ मिळतात, पण त्यावरून नटाला नेमकं काय करायला सांगायचं?

माझं मत आधीच मांडतो. मराठी रंगमंचावर इंग्रज पाद्री आला की त्याची दोनच रूपं होतात. एक तर तो बुक्का पुसलेला कीर्तनकार होतो, नाहीतर हिंदी सिनेमातला 'माय सन' म्हणणारा पांढऱ्या झग्यातला फादर. दोन्ही चूक. हा माणूस वेगळ्या घडणीचा आहे आणि ती घडण त्याच्या कामातून आली असणार. आवाज, भाषा, हुद्दा, कपडे, हात, ज्याला ज्यातलं कळतं त्याने ते तपशिलात सांगावं.

शब्दवेल्हाळ
शब्दाच्या मुळाशी तेल फासणं, अभ्यंग करणं आहे. इंग्रजीत आधी तो सरळ अर्थाने चालायचा: मलम, चरबी, चिकण माती यांना. मग धार्मिक अर्थ आला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात 'अंक्शन' आहे, तिथे तो पवित्र देवाकडून मिळालेला अभिषेक आहे. प्रवचनात 'अंक्शन' आहे असं म्हणणं ही शाबासकी होती: बोलणाऱ्याच्या शब्दांना आतला ओलावा आहे. तीच शाबासकी पुढे टोमणा झाली.

मौज अशी की इंग्लंडच्या चर्चने प्रत्यक्ष तेल बरंच आधी सोडलं होतं. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याला तेल लावण्याची सोय होती, १५५२ च्या पुस्तकातून ती गेली आणि १६६२ च्या पुस्तकातही परत आली नाही. म्हणजे तुमच्या १८४५ च्या पाद्र्याने कुणाच्या कपाळाला तेलाचं बोट लावलेलं नाही. राज्याभिषेकात मात्र ते राहिलं.

नटासाठी यातून एकच गोष्ट घ्या. या माणसाला स्वतःला वाटतंय की आपल्या बोलण्यात तो जुना, चांगला ओलावा आहे. टोमणा आपण मारतो आहोत, त्याला त्याचा पत्ता नाही. नटाने आतून डोळा मारला की विशेषण बदललं.

मुळशीकर
आपल्याकडे 'साळसूद' आहे की!

शब्दवेल्हाळ
@मुळशीकर, जवळचा आहे. पण साळसूद माणूस गप्प राहूनही साळसूद असतो. अंक्चुअस व्हायला तोंड उघडावंच लागतं.

खर्ज
आवाजापुरतं सांगतो. आधी जागा ध्यानात घ्या. दगडी इमारत, उंच छत, ध्वनिक्षेपक नाही. मोठ्या कॅथीड्रलमध्ये आवाज विरायला ५ सेकंदांहून जास्त लागू शकतात. बोललेलं स्वच्छ कळायचं तर तो १ सेकंदाच्या आसपास विरायला हवा. गावचं चर्च लहान, लाकडी बाकं आणि माणसं थोडा आवाज खातात, तरी अडचण तीच: आधीच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर येऊन बसतो. स्वर लांबतात, व्यंजनं बुडतात. त्यावर इलाज म्हणून पिढ्यानपिढ्या तीन गोष्टी होत आल्या: सावकाश बोलायचं, एका सुरावर बोलायचं, प्रत्येक तुकड्यानंतर घुमारा बसेपर्यंत थांबायचं. प्रार्थना एका सुरावर म्हणण्याची चाल तर कागदावरही आहे. मर्बेक या संगीतकाराने १५५० मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तकाला स्वरलेखन दिलं. त्या परंपरेत ओळीच्या शेवटी कोमल गंधारावरून षड्जावर यावं तशी उतरण वारंवार येते.

आता नटाने करायचं काय, तर:

नेहमी बोलतो तो सूर सा धरा. वाचायची पट्टी त्याच्या वर, कोमल ग वर. वाक्य तिथेच चालवा, शेवटच्या दोन-तीन अक्षरांत सा वर उतरा. बहुतेक नट उलट करतात, आवाज खाली दाबतात. दाबलेला खर्ज लागला की पाद्री जातो आणि वाड्यातलं भूत येतं. गळाही दहा मिनिटांत बसतो.

शब्दाची सुरुवात ठोक्याने नको. श्वास आधी सुटू द्या, सूर मागून येऊ दे, जणू प्रत्येक स्वराआधी पुसटसा 'ह' आहे. म, न, ल, व ही व्यंजनं किंचित रेंगाळवा. पण स्वर नाकात नेऊ नका. नाकातला आवाज विनोदी होतो आणि विधवेसमोर विनोद नकोय.

ओठ हलकेच पसरलेले, अर्ध्या हसण्यात. हसत बोललं की तोंडाची पोकळी ओठांच्या बाजूने आखूड होते आणि आवाजाचा रंग उजळतो. श्रोत्याला चेहरा दिसत नसला तरी ते कळतं. अभिवाचनात याचा फार उपयोग आहे.

वेग: साधं मराठी वाचन मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास चालत असेल तर याला ९५ ते १०० वर आणा. शब्द ओढून नाही, थांबे वाढवून. शब्द ओढले की ते कीर्तनाच्या लयीत जातं. कीर्तनकाराच्या बोलण्यामागे झांज-मृदंगाचा ठोका असतो, याच्या मागे फक्त भिंतीचा घुमारा आहे.

अश्विनी_ट
'फक्त भिंतीचा घुमारा' हे नटाला सांगितलं तरी अर्धं काम होईल. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

टीपकागद
@खर्ज, माहिती उत्तम, पण तुम्ही वर्णन करताय ती पाद्र्याची ढब आहे. अंक्चुअस ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. एकसुरी बोलणारे पाद्री ढिगाने असतील, त्यातला प्रत्येक जण असा नसतो.

इंग्रजी कादंबऱ्यांतले तीन जण घ्या. ऑस्टिनचा कॉलिन्स (१८१३) मुलींना प्रवचनं वाचून दाखवतो ती एकसुरी गंभीरपणाने. तो लांबण लावणारा आणि मालकिणीपुढे वाकणारा आहे, पण निसरडा नाही, त्याला तेवढी चतुराईच नाही. ट्रोलपचा स्लोप (१८५७) हा बिशपचा खासगी पाद्री. त्याच्या घामट हाताचा स्पर्शच लोकांना नकोसा होतो. तो मतलबी आहे. डिकन्सचा चॅडबँड (१८५२-५३) तर चर्च ऑफ इंग्लंडचाही नाही, कुठल्याच पंथाला बांधलेला नाही. अंगात देवमाशाचं तेल मुरल्यासारखा दिसतो असं लेखक म्हणतो आणि तो बोलतो ते स्वतःच्याच प्रश्नांना स्वतःच उत्तरं देत. तिघांना एकच आवाज दिलात तर तिघंही फुकट गेले.

माझ्या मते अंक्चुअसची खूण एकच: बोलणाऱ्याला स्वतःच्या बोलण्याची चव लागलेली असते. ती दाखवायची जागा म्हणजे वाक्यानंतरचा थांबा. साधा वक्ता महत्त्वाच्या शब्दाआधी थांबतो, समोरच्याचे कान टवकारावेत म्हणून. हा माणूस चांगलं वाक्य टाकून झाल्यावर थांबतो, ते आपल्याच कानात मुरावं म्हणून. आवाज कुठल्याही पट्टीत असो, हा थांबा चुकीच्या बाजूला गेला की माणूस नुसता गंभीर वाटतो.

खर्ज
@टीपकागद, थांब्याचं पूर्ण मान्य. ढब आणि हे वेगळं, हे अर्धंच मान्य. ढब वेदीवर असते तोवर ती ढबच. तीच ढब दोन हातांवर खुर्चीत बसलेल्या बाईसाठी वापरली की तिचं अंक्चुअस होतं. दिवाणखान्यात घुमारा नाही, मग सावकाशपणा कशासाठी? समोर एकच माणूस आहे, मग तीनशे जणांचा सूर कशासाठी? दिग्दर्शकाने हे अंतर नेमकं ऐकवावं. त्यासाठी एक वाक्य तरी साध्या आवाजात हवं. मोलकरणीला 'टोपी कुठे ठेवलीस?' असं विचारताना आवाज घरगुती असावा आणि बाई आत आल्या की क्षणात तो चर्चमध्ये जावा. फरक दिसला की विशेषण समजावून सांगावं लागत नाही.

टीपकागद
हे पटलं. त्या टोपीच्या वाक्यासाठी लेखिकेच्या मागे लागाच.

पेनी_फार्दिंग
सगळे आवाजात रमले आहेत, पण धाग्यात एक ठोक चूक तशीच राहिली आहे. १८४५ मध्ये दशांशाचं धान्य?

१८३६ च्या कायद्याने दशांश वस्तूंतून रोखीत आणला. प्रत्येक गावचा नकाशा आणि शेतवार तक्ता बनला, रक्कम ठरली आणि ती गहू, जव आणि ओट यांच्या मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावाशी बांधली गेली. सगळ्या गावांचं काम एकदम संपलं नाही, पण १८४५ पर्यंत बहुतेक ठिकाणी हिशेब पैशांतच होता, सहामाही हप्त्यांनी. शिवाय कायद्याने बोजा जमिनीच्या मालकावर टाकला होता. बाई कूळ असेल तर करारात काय लिहिलंय ते पाहावं लागेल. तेव्हा 'धान्याची आठवण' नको, 'सहामाहीची आठवण' करा. उलट ते जास्त बोचेल.

दुसरं, तुमचा पाद्री कोण आहे? 'गावचा पाद्री' या एका शब्दात तीन माणसं आहेत.

रेक्टर: मोठा दशांश (धान्य, गवत, लाकूड) आणि लहान दशांश (कोकरं, अंडी, भाज्या, फळं वगैरे) दोन्ही त्याचे. व्हिकर: फक्त लहान दशांश. मोठा बाहेरच्या कुणाकडे, पुष्कळदा एखाद्या जमीनदाराकडे. क्युरेट: पगारी मदतनीस, दशांशावर त्याचा काडीचा हक्क नाही.

बाईचं शेत गव्हाचं असेल आणि तुमचा माणूस व्हिकर असेल तर तो मागतोय ते बहुधा त्याचं नाहीच. म्हणजे त्याला रेक्टर करा. मग त्याच्या आवाजाचाही प्रश्न येतो. एकदा नेमणूक झाली की रेक्टरला हलवणं अवघड, तो कुणाची थुंकी झेलत नाही. लाचार गोडवा क्युरेटचा, कारण त्याला पुढची जागा देणारा धनी शोधायचा असतो. नेमणुकीचा हक्क ही खासगी मालमत्ता होती, ती विकली-घेतली जायची. रेक्टरचा गोडवा वरून खाली येणारा आहे, त्यात आर्जव नको, आश्रयदात्याचा मोठेपणा हवा.

रंगपट
@पेनी_फार्दिंग, फार मोलाचं सांगितलंत. रेक्टर नक्की केला आणि धान्याच्या जागी सहामाही. कपड्यांचं काय? वाचन असलं तरी नट उभे राहून वाचणार आहेत, काळा झगा चालेल का?

पेनी_फार्दिंग
भेटीला येताना झगा नको. घरी-दारी तो काळा कोट, काळी विजार आणि गळ्याला पांढरा गुंडाळलेला गळपट्टा यांत असणार. मागून बंद होणारी ती ताठ पांढरी पट्टी शतकाच्या उत्तरार्धात रुळली, १८४५ ला ती घातलीत तर जाणकार तिथेच थांबेल. छातीवर लोंबता क्रूस अजिबात नको, त्या काळच्या साध्या इंग्लिश प्रोटेस्टंट गावाला तो रोमन कॅथलिक वाटला असता.

चर्चमधला प्रवेश पुढे वाढवलात तर एवढं बघा: प्रार्थना वाचताना पांढरा सर्प्लिस (सैल, रुंद बाह्यांचा झगा), मग स्तोत्र चालू असताना आत जाऊन काळा गाऊन, आणि त्यात प्रवचन. तुमच्याच काळात, १८४४-४५ ला, एक्झेटरमध्ये प्रवचनालाही पांढरा सर्प्लिस घालावा या आग्रहावरून रस्त्यावर दंगे झाले होते. म्हणजे गावातली माणसं त्या कापडाचा रंग बघून पाद्री कुठल्या बाजूचा ते ठरवत होती.

वसईची_पोर
दोन सूचना, जरा कळकळीने.

एक, त्याला 'फादर' म्हणू नका. १८४५ च्या इंग्लिश खेड्यात रेक्टरला लोक मिस्टर अमुक म्हणतील, लिहिताना रेव्हरंड. 'फादर' आमच्याकडे, कॅथलिकांत.

दोन, त्याला वांद्र्याच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाचं म्हणून जे ठरावीक मराठी नाटक-सिनेमात ऐकवतात, ते देऊ नका. तो इंग्लंडमध्ये आपल्या मातृभाषेत बोलतोय. अनुवादात ती मातृभाषा मराठी झाली, तर त्याचं मराठी अस्खलितच असायला हवं. मोडकं मराठी त्याच्या तोंडी घातलं की हसू आमच्या माणसांचं होतं आणि तो मात्र सुटतो.

तेलाचा विषय वर निघालाच आहे तर अर्धवट राहू नये. कॅथलिक विधीत तीन तेलं असतात: आजाऱ्यांचं, दीक्षार्थींचं आणि क्रिज्म. पहिली दोन साधी, परंपरेने जैतुणाची. क्रिज्ममध्ये बाल्सम हा सुगंधी राळेचा अर्क मिसळतात, आणि ते बिशपनेच पवित्र करायचं असतं, पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी किंवा सोयीने त्याच्या आसपास. तिथून ते वर्षभरासाठी गावोगावच्या चर्चमध्ये जातं. जैतुणाचं तेल मिळायला अवघड असेल तिथे दुसरं वनस्पती तेल चालेल अशी मुभा १९७२ पासून आजाऱ्यांच्या तेलाला आहे. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना लावतात. अगदी थोडं, बोटाच्या टोकाएवढं. ज्या क्रियेवरून हा टोमणा निघाला ती क्रिया इतकी थोडकी आणि शांत आहे.

मुळशीकर
@वसईची_पोर, मोडक्या मराठीबद्दल शंभर टक्के सहमत. अनेक संहितांत ही खोड आहे.

नगरी
भाषेबद्दल. प्रोटेस्टंट मराठी चर्चची स्वतःची एक जुनी, ठसठशीत भाषा आहे, तिचा उपयोग करा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत, पुढे नगरला. बायबलच्या भाषांतरांनी ही भाषा घडवली. तुमच्या रेक्टरला तिच्यातले थोडे शब्द द्या: 'प्रेम' नको, प्रीती. 'देव' चालेल, पण जास्त करून परमेश्वर, प्रभू. 'पाप' ऐवजी एखाद्या ठिकाणी पातक. मोक्ष नको, तारण. 'भगवंत', 'ईश्वरेच्छा', 'प्रारब्ध', 'पूर्वसंचित' हे एकदाही नको. त्यातला एक शब्द आला की पाद्री पुन्हा प्रवचनकारबुवा झाला.

क्रियापदांकडेही लक्ष द्या. तो 'मी सांगतो' म्हणणार नाही, 'आपण हे स्मरावं' म्हणेल. स्वतःला आणि ऐकणाऱ्याला एकाच 'आपण' मध्ये ओढतो, मग नकार द्यायला जागा राहत नाही. आज्ञेऐवजी विध्यर्थ: 'धीर धरा' नाही, 'धीर धरावा'. पण विशेषणं ढीगभर लावू नका. भाषा साधी, रचना उंच, इतकंच.

धागाकर्त्यांनी कीर्तनाचा मुद्दा काढलाय म्हणून सांगतो, ख्रिस्ती कीर्तन हा आमच्याकडे खराखुरा प्रकार आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा (१८६१-१९१९) भजन-कीर्तन चर्चमध्ये रुजवण्यात मोठा वाटा. म्हणजे मराठी पाळक कीर्तनकाराच्या ढंगाने बोलला तर त्यात खोटं काही नाही. खोटं होतं ते १८४५ च्या इंग्लिश रेक्टरला तो ढंग दिला की.

अश्विनी_ट
हो, आणि आमच्याकडे 'पाळकसाहेब' म्हणतात, ते या रेक्टरला लावू नका. त्यात जो जिव्हाळा आहे तो इथे बसणार नाही.

टीपकागद
थोडं अवांतर, पण प्रवचनाच्या ढबीशी जोडलेलं. सगळे पाद्री स्वतःची प्रवचनं लिहीत नसत. जॉन ट्रस्लर नावाच्या इंग्लिश पाद्र्याने १७६९ पासून तयार प्रवचनं विकायचा धंदा काढला, दर प्रवचनी १ शिलिंग. ती हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या टाइपात छापलेली. सज्ज्यात बसलेल्यांनी वाकून पाहिलं तरी पाद्र्याने रात्री जागून लिहिलंय असंच वाटावं!

वाचायला शिकवणारेही नट होते. टॉमस शेरिडन हा आयरिश नट, नाटककार शेरिडनचा बाप. त्याने १७७५ च्या वाचनकलेवरील व्याख्यानांत चर्चच्या प्रार्थना घेऊन कुठे आघात, कुठे थांबा याच्या खुणा छापल्या. नंतर व्हेटली या पाद्र्याने १८२८ च्या वक्तृत्वावरच्या पुस्तकात अशा खुणांच्या पद्धतीविरुद्ध बाजू मांडली: आघात मोजू नका, अर्थावर चित्त ठेवा, आवाज आपोआप जागेवर येईल. १८४५ चा रेक्टर या दोन शाळांच्या मधल्या पिढीतला. त्याच्या बोलण्यात खुणा लावल्यासारखा आघात ऐकू आला तर तो काळाला धरूनच आहे.

खर्ज
वा. म्हणजे आपणही खुणा लावू या. @रंगपट, दोन वाक्यं द्या.

स्वरयंत्र
लावण्याआधी गळ्याबद्दल सावध करतो. या ढबीचा एक आजारच होता: 'पाद्र्याचा घसा'. वैद्यकीय नाव डिस्फोनिया क्लेरिकोरम. मॅकनेस या डॉक्टरचं त्यावरचं पुस्तक १८४८ चं, म्हणजे तुमच्याच काळातलं. घसा खवखवणं, आवाज फाटणं, शेवटी आवाज जाणं. न्यूयॉर्कचा डॉक्टर होरेस ग्रीन घशात सिल्व्हर नायट्रेटचा बोळा फिरवायचा.

आजच्या समजुतीने कारण सरळ आहे. एकाच सुरावर बराच वेळ बोललं की स्वरतंतूंवर त्याच ताणाचा मारा होत राहतो. चढउतार असलेल्या बोलण्यात ताण बदलत राहतो, तसा इथे बदलत नाही. त्यात सहा दिवस गप्प आणि रविवारी तास-दोन तास मोठ्याने. वर थंड दगडी खोली आणि घट्ट गळपट्टा. स्पर्जन या नामांकित प्रवचनकाराने विद्यार्थ्यांसाठीच्या व्याख्यानांत (१८७५) आवाजावर एक अख्खं व्याख्यान दिलंय, त्यात सूर बदलत ठेवा यावर भर आहे.

तालमीसाठी: एका वेळी या सुरात २० मिनिटांहून जास्त नको. मध्ये पाच मिनिटं साधं बोलणं, किंवा बंद ओठांनी गुणगुणणं. पाणी साधं, कोमट. श्वास सोडत बोलायची जी युक्ती खर्ज यांनी सांगितली ती बेतानेच करा. श्वास फार सुटला तर घसा कोरडा पडतो आणि नट नकळत घोगरा होऊन जोर लावतो.

रंगपट
नोंद घेतली. ही वाक्यं, नगरी यांच्या सूचनेप्रमाणे बदललेली:

'बाई, आपलं दुःख मला ठाऊक आहे. ज्याच्यावर परमेश्वर प्रीती करतो त्याला तो शिक्षाही करतो, हे आपण स्मरावं. आपले यजमान आता विसाव्याला गेले. सहामाहीची घाई नाही. जानेवारीपर्यंत चालेल.'

खर्ज
उभी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास.

'बाई, | आपलं दुःख मला ठाऊक आहे. ||' इथे 'मला' वर आघात. चांगला नट आपसूक 'दुःख' वर देईल, त्याला अडवा. आघात 'मला' वर गेला की दुःख बाईचं राहत नाही, जाणणाऱ्याचं होतं.

'ज्याच्यावर परमेश्वर | प्रीती करतो | त्याला तो शिक्षाही करतो, ||' हे सगळं कोमल ग वर, 'करतो' ला सा वर उतार. इथला मोठा थांबा टीपकागद म्हणतात तो. चार अंक मनात मोजायचे. 'हे आपण स्मरावं' अगदी हळू, जवळजवळ भेट दिल्यासारखं.

'आपले यजमान | आता विसाव्याला गेले. ||' 'वि' च्या 'व' वर रेंगाळणं, ओठ पसरलेले. इथे हसू वाढवू नका, पूर्वी होतं तेवढंच. वाढलं की खलनायक.

'सहामाहीची घाई नाही. | जानेवारीपर्यंत चालेल.' हे त्याच सुरात, त्याच वेगात, तोच उतार. सगळ्यात अवघड हेच आहे. नट इथे व्यवहाराचा कोरडा आवाज काढू बघेल, कारण वाक्य व्यवहाराचं आहे. काढू देऊ नका. प्रार्थनेचा सूर पैशावर जसाच्या तसा चढला पाहिजे.

पेनी_फार्दिंग
जानेवारी अगदी बरोबर. हप्ते १ जानेवारी आणि १ जुलैचे. 'जानेवारीपर्यंत चालेल' म्हणजे त्याने एक दिवसाचीही सूट दिलेली नाही, ठरलेल्या तारखेलाच उपकाराचं रूप दिलंय. प्रवेश नोव्हेंबरात ठेवा.

अश्विनी_ट
बाईंच्या वाचनाबद्दल कुणीच बोललं नाही. अंक्चुअस माणूस समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही, आणि तोडतही नाही. तो 'हो, हो' म्हणत तिच्या वाक्याच्या शेवटावर आपला श्वास ठेवतो. म्हणून बाईंना एक अर्धं वाक्य लिहून घ्या: 'पण मुलांचं...' आणि त्याचं 'अर्थातच' नेमकं 'मुलांचं' च्या अनुस्वारावर पडू दे. त्या पुढे काहीही बोलल्या नाहीत तरी ऐकणाऱ्याला कळेल.

हातांचं एक. ध्वनिक्षेपकासमोर कागद एकाच हातात असू दे. दुसऱ्या हाताने काही करायचं झालंच तर कोपराच्या वर नाही. कमरेएवढ्या उंच कठड्यामागे उभं राहून बोलणाऱ्याचे हात सवयीने छातीसमोर राहतात. गिल्बर्ट ऑस्टिन या पाद्र्याने १८०६ मध्ये हातांच्या हालचालींचं अख्खं लेखनशास्त्र छापलं, पण इथे त्यातलं काही नको. पाची बोटं जुळवून एकदा उघडणं, 'विसाव्याला' या शब्दावर. बस.

वसईची_पोर
'अर्थातच' ची कल्पना फार आवडली. फक्त बाईंना रडवू नका.

रंगपट
नाही रडवणार. टोपीचं वाक्य, 'मुलांचं', नोव्हेंबर, रेक्टर, सगळं लेखिकेला कळवलं, तिने होकार दिलाय. शेवटचा तांत्रिक प्रश्न: तो श्वास सोडत बोलणार आणि ध्वनिक्षेपक जवळ असणार. 'प', 'फ', 'भ' फुटतील का?

खर्ज
फुटतील. 'परमेश्वर', 'प्रीती', 'पर्यंत', तीन ठिकाणी हमखास. ध्वनिक्षेपक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत थोडा बाजूला, वीतभर अंतरावर, समोर जाळी. टोपीच्या वाक्याला नटाने एक पाऊल मागे जाऊन तोंड वळवून बोलावं, आणि बाई आत आल्या की परत जवळ. खोली बदलल्यासारखा आवाज तिथेच मिळेल, वेगळा घुमारा मशीनवर चढवू नका. घुमारा त्याच्या डोक्यात आहे, खोलीत नाही.